फ्रीझर नसलेल्या गोदामात फ्रोझन मालाचे ४१२ बॉक्स

महिनाअखेर होती, दुपारचे साडेतीन वाजले असतील, आणि एका गोदामाच्या सुपरवायझर बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या शीटमध्ये आमच्या नावापुढे फ्रोझन मालाचे ४१२ बॉक्स आलेत. आमच्याकडे फ्रीझरच नाहीये हो."

मी म्हटलं बघते, टाइप करताना काहीतरी चुकलं असेल. पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं की या शीटमध्ये हाताने कोणी काही टाइप करतच नाही, मग चुकणार कोण?

आमचं काम असं चालतं. ११८ गोदामं, प्रत्येकाची महिन्याला एक एक्सेल फाइल, सगळ्या एका फोल्डरमध्ये येऊन पडतात. मग मी मॅक्रो चालवते, म्हणजे एक्सेलमधला छोटा प्रोग्राम, तो एकेक फाइल उघडतो, 'स्टॉक' नावाच्या शीटमधला डेटा उचलतो आणि मास्टर शीटमध्ये खाली खाली चिकटवत जातो, पहिल्या कॉलममध्ये फाइलचं नाव टाकून. पाच वाजता ती मास्टर खरेदी विभागाकडे जाते आणि कुणाला किती माल पाठवायचा ते त्यावरून ठरतं. म्हणजे आकडा चुकला तर कुठेतरी खरंच माल कमी पडतो.

बाईंच्या गोदामाचा फिल्टर लावला, २१२ ओळी. सहज त्याच्या आधीच्या फाइलचा लावला तर तिथेही २१२, आणि वस्तू, नग, बॅच नंबर, सगळं जसंच्या तसं. दोन गोदामांत एखादी वस्तू सारख्या नगात असू शकते, पण २१२ ओळींचे बॅच नंबर जुळणं शक्यच नाही. पोटात गोळा आला एकदम.

मॅक्रो उघडला. आमच्या टीममध्ये पूर्वी असलेल्या कुणीतरी लिहिलेला, मी दोन वर्षं नुसता बटण दाबून चालवत होते. सगळ्यात वर ओळ होती, ऑन एरर रिझ्युम नेक्स्ट. याचा अर्थ एरर आली तर गप्प बसायचं आणि पुढच्या ओळीवर जायचं. मी आजपर्यंत समजत होते की यामुळे खराब फाइल वगळली जाते. तसं होत नाही! वगळली जाते ती फक्त एरर देणारी ओळ, बाकीच्या ओळी चालतातच. फाइल उघडायची ओळ फसली, बरं, पुढे. शीटमधला डेटा ॲरेमध्ये, म्हणजे मॅक्रोच्या तात्पुरत्या साठ्यात, घ्यायची ओळ फसली, पुढे. आता ॲरेमध्ये काय आहे? आधीच्या फाइलचा डेटा, कारण तो कुणी पुसलेलाच नाही. आणि मग चिकटवायची ओळ येते, ती मात्र नीट चालते, त्यामुळे आधीच्या गोदामाचा सगळा माल नव्या फाइलच्या नावाने खाली जाऊन बसतो. लागोपाठ दोन फाइल फसल्या तर तोच डेटा तीन वेळा.

म्हणूनच कुणाला संशय आला नाही. डेटा नुसता गळला असता तर यादीत ११७ नावं दिसली असती आणि कुणीतरी विचारलं असतं की आमचं गोदाम कुठाय. इथे ११८ च्या ११८ नावं, आकडे भरलेले, बेरीज लागलेली.

आणि अजून एक गोष्ट आठवली ज्याचं मला खरंच वाईट वाटलं. मॅक्रो चालू असताना कधीकधी मध्येच पासवर्डची खिडकी यायची, मी एस्केप दाबायचे आणि तो पुढे जायचा. त्या बाईंच्या फाइलला पासवर्ड होता. म्हणजे दर वेळी एस्केप दाबताना मी तिथे दुसऱ्याचा माल भरत होते.

सरळ सरांकडे गेले. "सर, आजची मास्टर पाठवू नका, काही फाइलचा डेटा डबल झालाय." सरांनी विचारलं, "किती?" म्हटलं अजून माहीत नाही, तासाभरात सांगते. त्यांनी खरेदीला फोन करून आठपर्यंतचा वेळ मागून घेतला, एवढ्या एका गोष्टीमुळे मला नीट विचार करता आला.

शोधायला सोपी युक्ती केली, प्रत्येक फाइलच्या ओळी आणि नगांची बेरीज काढली आणि वरच्या फाइलशी ताडून बघितली. सहा ठिकाणी तंतोतंत जुळलं. दोन पासवर्डवाल्या. दोन फाइलमध्ये शीटचं नाव 'स्टॉक' असं दिसत होतं पण शेवटी एक स्पेस होती, डोळ्यांना ती दिसतच नाही, एक्सेलच्या दृष्टीने मात्र ते वेगळं नाव, एरर ९, सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज. एक फाइल शून्य बाइटची, अपलोड अर्धवट राहिलेलं. आणि एक कुणीतरी शेवटच्या क्षणी पाठवलेला कोरा टेम्प्लेट, त्यात वापरलेली जागा म्हणजे एकच सेल, आणि एका सेलची व्हॅल्यू घेतली की ॲरे मिळतच नाही, नुसती एक किंमत मिळते, ती ॲरेमध्ये भरायला गेलं की एरर १३, म्हणजे प्रकार जुळत नाही. म्हणजे ॲरे भरायची ओळ इथेही फसली, त्यामुळे तिथेही जुनंच चिकटलं.

मग लूप, म्हणजे प्रत्येक फाइलसाठी परत परत चालणारा भाग, नव्याने लिहिला. वरची ती ओळ काढली आणि एरर आली की मॅक्रोमधल्या एका नाव दिलेल्या जागेवर (लेबलवर) जायचं, तिथे फाइलचं नाव नि एररचा नंबर लॉगमध्ये लिहायचा आणि गोटू, म्हणजे उडी मारायची आज्ञा, करून पुढच्या फाइलवर. चालवला, पहिली खराब फाइल छान पकडली आणि दुसरीला मॅक्रो धाडकन थांबला, एरर १००४. हे मला अर्धा तास कळेना. कारण असं की गोटूने बाहेर पडलं तर व्हीबीएच्या (मॅक्रो ज्या भाषेत लिहितात तिच्या) मते आपण अजून त्या पहिल्या एररच्या हँडलरमध्येच, म्हणजे एरर सांभाळणाऱ्या भागातच असतो, आणि हँडलरमध्ये असताना दुसरी एरर आली तर ती पकडली जात नाही. बाहेर पडायचं तर रिझ्युम लिहून लेबलचं नाव द्यायचं. एक शब्द बदलला आणि सगळं चालायला लागलं.

बाकी बदल असे की प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला उघडलेली फाइल धरून ठेवणारं व्हेरिएबल नथिंग आणि ॲरे रिकामा करायचा, म्हणजे जुनं काही उरायलाच नको. शीट सापडली नाही तर फाइल उघडी राहते, म्हणून हँडलरमध्ये ती बंद करणं. उघडताना रीड ओन्ली, आणि पासवर्डच्या जागी काहीतरी खोटा पासवर्ड, फाइलला पासवर्ड नसेल तर एक्सेल तो बघतही नाही आणि असेल तर खिडकी न येता सरळ एरर येते, जी मला हवीच आहे. शीटच्या नावातल्या जादा स्पेस मात्र आपोआप काढून (ट्रिम करून) जुळवायचं मी टाळलं, मला ते लॉगमध्ये दिसलेलं बरं वाटतं. आणि शेवटी मोजणी, फोल्डरमधल्या फाइल बरोबर यशस्वी अधिक फसलेल्या, आणि एक जरी फसलेली असेल तर मास्टर सेव्हच होत नाही.

शेजारच्या टीममधल्या एकाला हे सांगत होते तर त्याने आपली पायथनची स्क्रिप्ट उघडली, त्यात ट्रायमध्ये (करून बघायच्या भागात) फाइल वाचणं, एक्सेप्टमध्ये (एरर आली तर चालणाऱ्या भागात) पास, म्हणजे काहीच न करणं, आणि यादीत जोडायची ओळ दोन्हींच्या बाहेर. म्हणजे तेच, वाचता आली नाही की आधीचीच परत जोडायची. त्याने तिथेच ती ओळ ट्रायच्या आत घेतली.

सहाच्या पुढे सहा गोदामांना फोन केले. पासवर्ड काढून द्या, शीटचं नाव पुसून परत लिहा, फाइल पुन्हा अपलोड करा. कोरा टेम्प्लेट पाठवणारे दादा म्हणाले, "अहो भरलेली फाइल माझ्याकडेच राहिली की." पावणेआठला मॅक्रो शेवटचा चालवला, लॉगमध्ये ११८ ओळी, सगळ्यांपुढे ओके. बाईंच्या गोदामाचा फिल्टर लावला, १६४ ओळी आणि फ्रोझन एकही नाही. त्यांना फोन करून वाचून दाखवलं, त्या हो हो म्हणत होत्या.

मास्टर गेल्यावर मागच्या महिन्याचा फोल्डर उघडला आणि त्यावर नवा मॅक्रो लावला. चार फसलेल्या निघाल्या. त्याच्या मागचे तेवीस महिने अजून बघायचे होते, सरांना तसा मेल टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून एकेक फोल्डर घ्यायला लागले.