तुम्ही विचारलंत म्हणून : चालता लॅपटॉप टाकून नवा घ्यावा का?

२०२५ च्या दिवाळीपासून पुण्याच्या कोथरूड-कर्वेनगर भागातले ओळखीचे लोक मला एकच प्रश्न विचारत आहेत. त्यांच्या पडद्यावर सूचना आलेली असते की विंडोज १० साठीचे अपडेट बंद झाले आहेत आणि हा संगणक विंडोज ११ साठी पात्र नाही. "लॅपटॉप तर व्यवस्थित चालतो आहे, मग तो टाकून नवा घ्यायचा का?" विचारणाऱ्यांत शिकवण्या घेणाऱ्या बाई आहेत, निवृत्त बँक अधिकारी आहेत, मुलीच्या बारावीसाठी हप्त्यांवर लॅपटॉप घेतलेले एक रिक्षाचालकही आहेत. बहुतेकांना मी "नका घेऊ" असेच सांगतो. पण जिन्यात उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने कोणाचे समाधान होत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

आधी नेमके काय झाले ते पाहू. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आली आणि मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबवले. विंडोज ११ आली ऑक्टोबर २०२१ मध्ये आणि तिच्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी यंत्रणा आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर असण्याची अट घातली गेली. टीपीएमची अट मला समजते. मात्र इंटेल या कंपनीच्या प्रोसेसरबाबत ही यादी, एक-दोन अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून सुरू होते, आणि माझा आक्षेप तिथे आहे. २०१६ च्या जुलैनंतर विंडोज १० घालून विकायच्या नव्या संगणकांत टीपीएम २.० असावे, हे मायक्रोसॉफ्टनेच ठरवले होते. म्हणजे सातव्या पिढीच्या असंख्य लॅपटॉपमध्ये ती यंत्रणा आहे, तरीही ते अपात्र आहेत. असे लॅपटॉप २०१८ मध्येही दुकानांत नवे म्हणून मिळत होते. त्या वर्षी ज्याने पूर्ण पैसे मोजून लॅपटॉप घेतला, त्याच्या यंत्राची मुदत सात वर्षांत संपली आणि ती संपण्याचे कारण यंत्रात नव्हते. कॅनालिस या बाजारविश्लेषक संस्थेने २०२३ च्या अखेरीस अंदाज वर्तवला होता की या एका निर्णयामुळे जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात.

"अपडेट नाहीत तर नाहीत, काय बिघडते?" असेही काही जण विचारतात, आणि त्यांना मात्र मी ठामपणे सांगतो की बिघडते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांपासून अनेक देशांतल्या कार्यालयांपर्यंत संगणक बंद पाडले. विंडोजमधल्या ज्या त्रुटीतून तो शिरला, तिच्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो बसवला नव्हता आणि ज्यांच्या जुन्या प्रणालीला तो मिळतच नव्हता, ते सापडले. म्हणून अपडेट बंद झालेल्या विंडोजवर बँकेचे व्यवहार करत राहा, असे मी कोणालाही सांगणार नाही. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट घेण्याची सोय दिली आहे. ज्यांचे काम विंडोजशिवाय होत नाही त्यांनी ती जरूर घ्यावी. मात्र युरोपातल्या ग्राहकांना, तिथल्या ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर, हीच सोय आपल्यापेक्षा सैल अटींवर मोफत मिळाली, हे लक्षात ठेवावे.

आता प्रत्यक्ष यंत्राकडे येऊ, कारण "हळू चालतो" ही दुसरी तक्रार या प्रश्नाला बहुतेक वेळा जोडलेली असते आणि लोक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. शिकवण्या घेणाऱ्या बाईंचा लॅपटॉप मी त्यांच्या समोरच उघडला. सातव्या पिढीचा आय-५, चार जीबी रॅम आणि एक टीबीची हार्ड डिस्क. मागचे स्क्रू काढून, प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने कडेच्या खाचा एकेक करून सोडवल्या, तेव्हा पंख्याच्या तोंडाशी धुळीचा अखंड, नमद्यासारखा थर बसलेला दिसला. गरम हवा बाहेर पडायला वाटच उरली नव्हती. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट, म्हणजे त्याची उष्णता पुढे नेणारा लेप, वाळून खडूसारखी झाली होती. उष्णता बाहेर गेली नाही की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, आणि वापरणाऱ्याला वाटते की यंत्र म्हातारे झाले.

खरी अडचण हार्ड डिस्कची होती. लॅपटॉपमधली साधी हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. त्यात वाचणारा काटा योग्य जागी जाण्याचा वेळ मिळवला की सेकंदाला जेमतेम शंभर ठिकाणची माहिती ती उचलू शकते. विंडोज सुरू होताना हजारो लहान फायली वेगवेगळ्या ठिकाणांहून मागते. एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, हिच्यात फिरणारे काहीच नसते, त्यामुळे तीच हजारो वाचने ती एका सेकंदात उरकते. बाईंच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी बसवली, रिकाम्या खाचेत आणखी चार जीबी रॅम घातली, पंखा साफ केला, नवी पेस्ट लावली. लॅपटॉप सुरू करून स्वयंपाकघरात चहा टाकायला जाण्याची त्यांची सवय तिथेच सुटली. प्रोसेसर तोच होता. २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडी महागल्या आहेत, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी आपले उत्पादन कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडे वळवले. तरीही हा सगळा खर्च नव्या लॅपटॉपच्या किमतीचा लहानसा हिस्सा होतो. शिवाय त्याच कारणाने नवे लॅपटॉपही महागले आहेत.

वेगाचा प्रश्न असा सुटला तरी अपडेटचा उरतो, आणि त्याला माझे उत्तर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली, हे आहे. बाईंच्या लॅपटॉपवर मी लिनक्स मिंट हा तिचा एक प्रकार बसवला. मिंटची २२ वी आवृत्ती २०२४ मध्ये आली आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, तेही मोफत. ब्राउझर, व्हॉट्सअ‍ॅप वेब, झूम, लिबर ऑफिसमधल्या प्रश्नपत्रिका, प्रिंटर हे सगळे चालते. मराठी टंकनासाठीचा इनस्क्रिप्ट हा कळफलक आधीपासूनच असतो, सेटिंगमध्ये जाऊन तो फक्त निवडावा लागतो. ज्यांचे काम टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर चालते त्यांना मात्र मी लिनक्स सुचवत नाही, आणि ज्या प्रकाशकांना श्रीलिपी या मराठी टंक-सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फायली रोज उघडाव्या लागतात त्यांनाही नाही. त्यांनी आत्ता वाढीव अपडेट घ्यावेत आणि पुढच्या खरेदीची तयारी ठेवावी. कोणालाही आग्रहाने लिनक्सवर नेऊन दुसऱ्या दिवशी त्याचे कामच अडवणे मला पटत नाही. पण घरात बसून ईमेल पाहणाऱ्या, वीजबिल भरणाऱ्या आणि नातवंडांशी बोलणाऱ्या माणसाला केवळ कंपनीच्या यादीत प्रोसेसर नाही म्हणून पन्नास हजारांच्या खर्चात पडायला सांगणे हा अन्याय आहे, असे मी मानतो.

येथे सरकारी धोरणाविषयी बोलणे भाग आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्येच लिनक्ससारखे मुक्त स्रोत (कोणालाही पाहता-बदलता येणारे) सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. केरळने ते शाळांपर्यंत नेऊन दाखवले. तिथल्या सरकारी शाळांमधले संगणक 'काइट' या सरकारी संस्थेने तयार केलेल्या लिनक्सवर चालतात आणि मुले त्यावरच शिकून परीक्षा देतात. महाराष्ट्रात मात्र संगणक येणे म्हणजे विंडोज आणि एमएस ऑफिस येणे, हे समीकरण आम्ही एका पिढीच्या डोक्यात पक्के बसवले. देशाचा परम महासंगणक ज्या सी-डॅकने घडवला ती संस्था या पुण्यात १९८८ पासून आहे. अशा शहरातल्या शाळेच्या प्रयोगशाळेत मुलांना दुसरी प्रणाली पाहायलाही मिळू नये, याचे मला मनापासून वाईट वाटते. शाळेत एकदा दोन्ही प्रणाली हाताळलेला मुलगा मोठेपणी "हे मला येत नाही" म्हणून चालता लॅपटॉप टाकणार नाही.

माझी खरी मागणी मात्र वेगळी आहे आणि ती अगदी छोटी आहे. औषधाच्या पट्टीवर मुदत छापलेली असते आणि ती पाहूनच आपण पट्टी घेतो. लॅपटॉपच्या खोक्यावर तशी तारीख कोठेही नसते. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे त्या खोक्यावर कमाल किरकोळ किंमत असते, उत्पादनाचा महिना आणि वर्ष असते, उत्पादक किंवा आयातदाराचा पत्ता असतो, तक्रार कोठे करायची तेही असते. या यंत्राला सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळतील, हे मात्र नसते. ही एक ओळ छापणे सक्तीचे करावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

कंपन्यांकडून नेहमी असे सांगितले जाते की जुन्या यंत्रांना अनंत काळ आधार देणे कोणालाच परवडत नाही. ते खरे आहे, आणि अनंत काळाचा आधार कोणी मागतही नाही; मुदत आधी सांगा, एवढेच मागतो आहोत. हे जमण्यासारखे आहे, याचे दाखले समोर आहेत. गुगल आपल्या प्रणालीवर चालणाऱ्या क्रोमबुक या लॅपटॉपच्या प्रत्येक मॉडेलची अपडेट संपण्याची तारीख जाहीर करते आणि २०२३ मध्ये तिने ही मुदत दहा वर्षांपर्यंत वाढवली. गुगलने पिक्सेल ८ या फोनला आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस २४ या फोनला सात वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अस्तित्वात आला असून त्यातली मुख्य बंधने डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. त्यानुसार अपडेट संपण्याचा महिना आणि वर्ष खरेदीच्या वेळीच ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागेल. हेच लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्या युरोपातल्या गिऱ्हाइकाला ती तारीख सांगणार असतील, तर पुण्यातल्या गिऱ्हाइकाला न सांगण्याचे कोणते कारण उरते?

भारतात या दिशेने काहीच झाले नाही असे नाही. २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. पुढे दुरुस्ती-सुलभतेचा निर्देशांक ठरवण्यासाठी समितीही नेमली गेली आणि मे २०२५ मध्ये तिचा अहवाल आला. खरेदीच्या ठिकाणी आणि खोक्यावरच्या क्यूआर कोडमध्ये हा निर्देशांक दाखवावा, अशी तिची शिफारस आहे. फ्रान्समध्ये असा निर्देशांक २०२१ पासून लॅपटॉपवर लागतो, दहापैकी गुण देऊन. आपल्याकडच्या शिफारशीचा नियम व्हावा आणि त्यात लॅपटॉप असावेत, यासाठी आता ग्राहकांनी मागे लागले पाहिजे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत उभी केली ती याच पुण्यात, आणि ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर बारा वर्षांनी आला. तेव्हा हा विषय आपल्या शहराने पुन्हा हाती घेण्यात नवल काहीच नाही.

टाकलेल्या लॅपटॉपचे पुढे काय होते, हेही पाहावे. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. बाकीच्यातला बराचसा कोठेतरी उघड्यावर जाळला जातो, त्यातले तांबे काढले जाते, आणि तो धूर कचऱ्यावर पोट असलेल्या माणसांच्या छातीत जातो. लॅपटॉप खरोखरच दुरुस्तीपलीकडे गेला असेल तर डिस्क काढून घ्यावी, बॅटरी फुगलेली असल्यास ती दाबू किंवा टोचू नये, आणि यंत्र अधिकृत संकलकाला किंवा 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ई-कचरा संकलनात द्यावे. रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवू नये.

आणि ज्यांना नवा घ्यावाच लागणार आहे, त्यांनी दुकानात तीन गोष्टी विचाराव्यात. रॅम मदरबोर्डला डाग देऊन कायमची बसवलेली आहे की खाच मोकळी आहे? एसएसडी बदलता येते का? या मॉडेलला अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तपकीर गल्लीतल्या चांगल्या दुकानदाराला तोंडपाठ असतात. तिसऱ्यावर तो गप्प होतो, कारण त्यालाही ते कोणी सांगितलेले नसते. अशा वेळी त्याला तुमच्यासमोरच कंपनीच्या प्रतिनिधीला फोन लावायला सांगा, आणि जे वर्ष कळेल ते बिलावर मॉडेल क्रमांकाशेजारी लिहून त्यावर दुकानाचा शिक्का घ्या.