आधी लग्न रुईशी

जुन्या काळी गावाकडे लग्नं कशी जुळायची, त्यात प्रेमाला जागा होती का, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. घरातल्या जुन्या गोष्टी सांगायला बसलो की एखादं पोरगं हमखास विचारतं, "काका, दीडशे वर्षांपूर्वी गावात कुणी प्रेमात पडतच नव्हतं का?"

पडत असतील की! पण पहिल्या लग्नाआधी पडायला सवड कुठे होती? १८४० साली नायगावच्या सावित्रीबाईंचं जोतीराव फुल्यांशी लग्न झालं, तेव्हा नवरी नऊ वर्षांची नि नवरा तेराचा. त्या काळी यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. सुपारी वडीलधारे फोडायचे, मानपानावरून रुसायचेही तेच. नवरी मांडवात पेंगायची आणि न्हाण येईपर्यंत बहुतेक माहेरीच राहायची. नांदायला गेल्यावरही भरल्या घरात दिवसाउजेडी नवऱ्याशी बोलायची सोय नाही. त्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, चारचौघींनी अडवल्यावर. पहाटे जात्यावर मात्र तोच 'हौशा' व्हायचा, 'चुडा' व्हायचा. सासू जागी असली तरी ओवीला कोण अडवणार? म्हणजे आधी संसार, मग ओळख, आणि नशीब असेल तर प्रेम.

जाणत्या वयातली पसंती बघायची असेल तर पाटाकडे बघा. पाट किंवा मोहतूर म्हणजे विधवेचं, नाहीतर काडीमोड झालेल्या बाईचं दुसरं लग्न. ब्राह्मणांत विधवेचं केशवपन व्हायचं, तेव्हा कुणबी, माळी, धनगरांत पाट सर्रास लागत होते. पेशवाईत त्यावर पाटदाम नावाचा करसुद्धा होता. आता बाई वीस-पंचविशीची, शेतात राबणारी. खुरपताना, मोटेवर, जत्रेत तिनं माणूस पाहिलेला असायचा. जातपंचायत लागायची, देण्याघेण्याची घासाघीसही व्हायची. पण तिच्या होकाराला पहिल्या खेपेपेक्षा कितीतरी वजन होतं.

लग्न मात्र चोरून केल्यासारखं. रात्री, अंधारात, मांडव नाही की वाजंत्री नाही. सवाशिणी तिथं फिरकायच्या नाहीत आणि सकाळी नव्या जोडप्याचं तोंड बघणं अपशकुनी. कायद्याचाही एक चिमटा होता. १८५६ च्या विधवाविवाह कायद्यानं पुनर्विवाह केलेल्या बाईचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला, आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयानं पूर्वापार पाट लावणाऱ्या जातींनाही तेच कलम लावलं. ज्यांना त्या कायद्याची गरजच नव्हती, त्यांच्या बायकांना त्याचा फटका! सुधारणेचा इतिहास सांगताना ही गोष्ट सहसा कुणी काढत नाही.

आणखी एक गंमत. बिनलग्नाच्या गड्याला विधवेशी पाट लावायचा असेल, तर आधी त्याचं लग्न रुईच्या झाडाशी लावत. झाडाला हळद लागली की तो बिजवर, म्हणजे दुसरेपणाचा नवरा ठरला, मग हरकत नाही.

आजीच्या सांगण्याप्रमाणे तिच्या आजेसासऱ्यांनी हेच केलं. घरच्यांनी दोन कोवळ्या पोरींची स्थळं आणली होती. यांचं लक्ष शेजारच्या मळ्यातल्या, पदरी एक पोर असलेल्या बाईवर. वर्षभर बापाशी अबोला धरला, शेवटी अमावास्येच्या रात्री पाट लागला.

आमच्या बांधावर अजून रुई उगवते. कुणी विळा घेऊन तिकडे वळलं की आजी खेकसायची, "हात लावू नकोस, थोरली हाय ती."