दोन सॉर्बिट्रेट आणि कापलेली स्ट्रिप

मे महिना, सकाळचे पावणेसात. कॅज्युअल्टीतली रात्रपाळी संपायला तासभर होता. अशोक चौकाकडून एक रिक्षा आली आणि मागच्या सीटवर आडवा घातलेला माणूस दोघांनी उचलून आत आणला. वय ५४, टॉवेलच्या कारखान्यात जॉबर. सहाला छातीत दुखायला लागलं. शेजारी स्वतः हृदयाचा पेशंट. त्याने आपल्या खिशातल्या ५ मिलिग्रॅमच्या दोन सॉर्बिट्रेट (छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची, वाहिन्या सैल करणारी गोळी) एकदमच यांच्या जिभेखाली सरकवल्या आणि दवाखान्यात न्यायला लगेच उभं केलं. रिक्षा दहा पावलांवर होती. हे उंबऱ्यातच कोसळले.

बीपी ७०/४०. ईसीजीत टू, थ्री आणि एव्हीएफमध्ये एसटी वर गेलेला, म्हणजे हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक. अशा अटॅकमध्ये सॉर्बिट्रेटनंतर बीपी कोसळला, की पहिला संशय उजव्या कप्प्यावर जातो. उजवा कप्पा दुखावलेला असेल तर तो शिरांमधून परत येणाऱ्या रक्तावरच कसाबसा चालतो. सॉर्बिट्रेट त्याच शिरा सैल करते, रक्त पाय-पोटात साचतं आणि हृदयाकडे भरायला काही उरत नाही. म्हणून लगेच उजव्या बाजूचा ईसीजी काढला. त्यातली उजव्या छातीवरची व्ही-फोर-आर ही पट्टी सपाट, म्हणजे उजवा कप्पा बहुधा शाबूत. मानेच्या शिरा फुगलेल्या नाहीत, फुप्फुसं स्वच्छ.

खटकले ते हात. अटॅकमध्ये बीपी इतका खाली असला, की तळवे थंडगार आणि ओलसर लागतात. यांचे तळवे कोमट होते, चेहरा लालसर, नाडी ११२. खालच्या भिंतीच्या अटॅकमध्ये बऱ्याचदा नाडी मंदावते, इथे उलट होतं. पंप कमजोर झाल्यापेक्षा नळ्याच सैल पडल्यासारख्या वाटत होत्या. दोन सॉर्बिट्रेट आणि वर उभं राहणं एवढ्यानेही बीपी पडतो, पण आडवं करून पाय वर घेतल्यावर तो थोडा तरी सावरतो. पाच मिनिटं झाली तरी आकडा हलला नव्हता.

मुलासमोर विचारलं, "रात्री वेगळी काही गोळी घेतली होती का?" उत्तर आलं, "नाही." मुलाला फॉर्म भरायला काउंटरवर पाठवलं, त्यांच्या पत्नीला सिस्टरनी बाहेर बसवलं, आणि कानाशी जाऊन पुन्हा विचारलं, "मामा, ताकदीची गोळी? आत्ता खरं सांगा, औषध त्यावर ठरणार आहे." त्यांनी डोळे मिटले. "अकराला. एकच."

हा प्रश्न एकदा विचारून भागत नाही, आणि घरच्यांसमोर विचारून तर मुळीच नाही.

सॉर्बिट्रेट आणि ताकदीची गोळी यांचं एकमेकींशी जमत का नाही, हे कळायला रक्तवाहिनीचं अस्तर समजून घ्यावं लागतं. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर दाखवलं, की आतलं अस्तर शाबूत असेल तरच असिटिलकोलिन या रसायनाने पट्टी सैल पडते. अस्तर खरवडलं तर नाही. अस्तरातून सुटणारा तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. पेशी तो आर्जिनिन या अमिनो आम्लापासून बनवतात, तो जेमतेम काही सेकंद टिकतो. शेजारच्या स्नायुपेशीत जाऊन तो सायक्लिक जीएमपी नावाचं रसायन वाढवतो आणि वाहिनी सैल होते. तंबाखू, मधुमेह, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि वर्षानुवर्षांचा बीपी यांनी हे अस्तर बिघडतं. नायट्रिक ऑक्साइड कमी बनतो, बनलेला लवकर नासतो. वाहिन्या आवळलेल्या राहतात, बीपी आणखी चढतो, अस्तर आणखी बिघडतं. मामांची मिश्री वीस वर्षांची, आणि बीपीची गोळी डोकं दुखेल त्या दिवशीच.

सॉर्बिट्रेट बिघडलेल्या अस्तराला वळसा घालून बाहेरून नायट्रिक ऑक्साइड पुरवते. ताकदीची गोळी वेगळ्या जागी काम करते: सायक्लिक जीएमपी मोडणारं एन्झाइम ती अडवते. एकीने नळ सोडायचा आणि दुसरीने मोरीचं भोक बुजवायचं, असा प्रकार. गंमत म्हणजे सिल्डेनाफिलवर, म्हणजे व्हायग्रा या ताकदीच्या गोळीतल्या औषधावर, सुरुवातीचं काम अंजायनासाठीच (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) चाललं होतं. १९९८ साली ती अमेरिकेत वेगळ्याच कारणासाठी मंजूर झाली, आणि त्याच वर्षी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना नायट्रिक ऑक्साइडसाठी नोबेल मिळालं.

या दुखण्यावर उतारा नाही, वेळ काढावा लागतो. सलाइन २५० मिली दहा मिनिटांत, मग फुप्फुसांच्या तळाशी स्टेथो लावून करकर ऐकायची, नसेल तर पुढचे २५०. अटॅकच्या पेशंटला डोळे झाकून दोन लिटर सोडलं तर तो पाण्यातच बुडतो. बीपी चढवणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन भरून ठेवलं होतं, लागलं नाही. ७५० मिलीवर बीपी ९४/६० आला. दरम्यान अ‍ॅस्पिरिन ३२५ चावून खायला लावलं, टिकाग्रेलॉर १८० दिलं, कॅथलॅबला कळवलं.

दुसरा प्रश्न वेळेचा होता. ताकदीची गोळी सिल्डेनाफिल असेल तर २४ तास नायट्रेट (सॉर्बिट्रेटच्या जातीची औषधं) बंद, त्याच कामाची पण जास्त टिकणारी टॅडालाफिल असेल तर ४८. पँटच्या खिशात स्ट्रिपचा तुकडा सापडला, पण मेडिकलवाल्याने दोनच गोळ्या कात्रीने कापून दिलेल्या. नाव दुसऱ्या तुकड्यावर, तारीख तिसऱ्या. सुट्ट्या गोळीचा हा तोटा कुणी धरतच नाही. नाव माहीत नाही म्हणून ४८ धरले. केसपेपरवर लाल पेनाने लिहिलं: उद्या रात्री अकरापर्यंत नायट्रेट नाही.

लिहून भागलं नाही, मागोमाग कॅथलॅबमध्येही गेलो. तिथे नायट्रोग्लिसरिन, तेही नायट्रेटच, सवयीने जातं. मनगटातून नळी घालताना धमनी आखडू नये म्हणून हेपॅरिनसोबत २०० मायक्रोग्रॅम, पुढे हृदयाच्या धमनीत पुन्हा १०० ते २००. सिस्टरनी सिरिंज भरून ट्रेमध्ये ठेवलेलीही होती. ती उचलून बाहेर काढली. कार्डिऑलॉजिस्ट जांघेतून गेले. उजवी धमनी बंद होती, पण उजव्या कप्प्याची फांदी फुटल्यानंतर, बरीच खाली. व्ही-फोर-आर सपाट का होता ते पडद्यावर दिसलं. एक स्टेंट. दवाखान्याच्या दारापासून धमनीत फुगा फुगवेपर्यंत ७८ मिनिटं.

दुपारी मुलाने मोबाइल पुढे केला. जिममधल्या मित्राने आर्जिनिनची पावडर सुचवली होती, "नायट्रिक ऑक्साइड वाढतो" म्हणे. कागदावर पटतं: कच्चा माल जास्त, तर माल जास्त. पण अस्तरच बिघडलं असेल तर नुसतं सूत ओतून माग चालत नाही. अटॅकनंतर आर्जिनिन देऊन पाहिलेल्या एका चाचणीत हृदयाला फायदा दिसला नाही. आर्जिनिन घेणाऱ्यांत सहा मृत्यू झाले, न घेणाऱ्यांत एकही नाही, आणि चाचणी थांबवावी लागली. निकाल २००६ साली छापून आला. पावडर नको म्हटलं. बीपीची गोळी रोज आणि मिश्री बंद, एवढं जमलं तरी अस्तराची बरीच सोय होते.

तिसऱ्या दिवशी शेजारी भेटायला आले, ओशाळलेले. मदतीला धावले हा गुन्हा नव्हता, पद्धत चुकली होती. आधी माणसाला बसवायचं. गोळी ज्याची त्याला, डॉक्टरांनी लिहून दिली असेल तरच. एका वेळी एक. चक्कर, घाम किंवा कमी बीपी असेल तर नाही. पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर दुसरीची वाट न बघता १०८ ला फोन.

त्यांच्या स्वतःच्या गोळ्या पाहिल्या. आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट २०, सकाळी, दुपारी आणि रात्री. तिसरी त्यांनी मनानेच वाढवलेली. "आधी डोकं दुखायचं, आता काहीच होत नाही," असं समाधानाने सांगितलं. डोकं दुखायचं थांबलं म्हणजे बहुधा गोळीच लागू पडेनाशी झालेली. वाहिन्या नायट्रेटला सरावतात, त्यांना रोज दहा-बारा तास सुटी द्यावी लागते. सकाळी आठ आणि दुपारी तीन, रात्री काही नाही, असं लिहून दिलं.

जाताना दारात थांबले, मागे कुणी नाही ना पाहिलं. "डॉक्टर, ती गोळी घ्यायची असेल तर सॉर्बिट्रेट किती दिवस आधी थांबवायची?"

"तुमची नायट्रेट रोजची आहे. तुम्ही ती गोळी घ्यायचीच नाही."

त्यांनी पाकिटातून कात्रीने कापलेला एक तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला. त्यावरही नाव नव्हतं.