रोज जवळ बाळगता येईल असा कॅमेरा

शुक्रवार, रात्र

लहान कॅमेरा कोणता घ्यावा, हा प्रश्न बरेच दिवस मनात घोळत होता. आज त्याचे उत्तर बऱ्यापैकी पक्के झाले आहे, म्हणून झोपण्यापूर्वी ते कारणांसकट लिहून ठेवते. घरात चांगला मोबाइल आहे, जुना डीएसएलआरही आहे. मग आणखी एका कॅमेऱ्याची गरज काय, असे दादाने विचारले होते आणि त्याचा प्रश्न रास्त होता. डीएसएलआर लग्नकार्याला आणि सहलीला निघतो, कारण त्याची बॅग वागवायची मनाची तयारी आपण आधीच केलेली असते. भाजी आणायला जाताना तो कोणी खांद्याला अडकवत नाही. मोबाइल सदैव हाताशी असतो, पण एकापाठोपाठ कित्येक फ्रेम टिपून त्या एकत्र करणे, अंधारे कोपरे उजळणे आणि कडा धारदार करणे ही कामे तो न सांगता उरकून टाकतो. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली मेथी निवडत बसलेली आई आणि तिच्या पाठीमागचा अंधारा बोळ यांच्यातला जो फरक डोळ्यांना दिसतो, तो त्या फोटोत पुसट होतो. मला तो फरक हवा आहे. अंधाराला अंधार राहू देणारा आणि तरीही आईच्या बोटांवरचा प्रकाश नीट टिपणारा कॅमेरा हवा, एवढीच माझी मुख्य अट आहे.

दुकानात जाऊन दहा कॅमेरे हाताळून एक निवडावा, असे दिवस आता राहिले नाहीत. जपानी कॅमेरा-उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० साली जगभरात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते. २०२३ साली हा आकडा ८० लाखांच्याही खाली होता. स्वस्त आणि छोट्या सेन्सरचे (म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपचे) कॅमेरे मोबाइलने गिळले. जे उरले ते मोठ्या सेन्सरचे आहेत आणि म्हणून महाग आहेत. तेव्हा घाई न करता हिशेब मांडणे मला आवश्यक वाटले.

पहिला हिशेब प्रकाशाचा. सोनीच्या आरएक्स१०० मालिकेत किंवा कॅननच्या जी७ एक्स मालिकेत जो 'एक इंची' सेन्सर असतो, तो प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो. रिकोच्या जीआर मालिकेतला एपीएस-सी नावाच्या मापाचा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने तिपटीहून थोडा मोठा. एवढे वाचून निकाल लागला असे वाटते, पण लेन्सही पाहावी लागते. एक इंची कॅमेऱ्यांपैकी काहींची लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते (एफपुढचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे), तर रिकोची एफ २.८ पर्यंतच, आणि एफ १.८ मधून एफ २.८ च्या सुमारे अडीच पट प्रकाश आत येतो. सेन्सरने कमावलेले लेन्सने बहुतांशी परत केले, असे झाले. मात्र एफ १.८ हा आकडा झूमच्या अगदी रुंद टोकाचा आहे. तिथून थोडे पुढे सरकले की अ‍ॅपर्चर, म्हणजे ते छिद्र, लहान होत जाते आणि ४० मिलिमीटरच्या आसपास (लेन्सचा हा आकडा जितका मोठा, तितकी चौकट अरुंद आणि माणूस जवळ) पोहोचेपर्यंत ते २.८ च्या जवळ आलेले असते. घरातली माणसे मी त्याच टप्प्यावर टिपते. त्या ठिकाणी मोठ्या सेन्सरचा तिपटीचा फायदा जवळजवळ पूर्ण शिल्लक राहतो, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात तो दिसून येतो.

दादाचे म्हणणे वेगळे होते. "चिनूचे गॅदरिंग असले की तू हॉलच्या शेवटच्या रांगेतून काय टिपणार आहेस? झूम नसलेला कॅमेरा घेऊन पस्तावशील," असे तो म्हणाला. त्याच्या दृष्टीने आरएक्स१००चे सातवे मॉडेल उत्तम आहे: २४ ते २०० मिलिमीटरची झूम, वजन ३०२ ग्रॅम आणि वर उघडणारा, डोळा लावून पाहायचा छोटा व्ह्यूफाइंडर. इतक्या लहान आकारात एवढे काही बसवणे हे खरोखर थक्क करणारे काम आहे. ज्याला प्रवासात एकच यंत्र न्यायचे आहे, त्याने तेच घ्यावे असे मीही सांगेन. पण गॅदरिंग वर्षातून एकदा येते, त्या दिवशी डीएसएलआर नेता येतो. रोजचा कॅमेरा रोजच्यासाठी निवडायचा, हा मुद्दा मी सोडला नाही. शिवाय झूम असली की मी जागेवर उभी राहून बोटाने जवळ जाते. ती नसली की पायांनी जाते, आणि समोरच्या माणसाशी दोन शब्द बोलणे होते.

एका मैत्रिणीने तिचा रिको जीआर थ्री चार दिवस वापरायला दिला होता. तो घेऊन सकाळी महात्मा फुले मंडईत गेले. १८८६ सालच्या त्या दगडी इमारतीत सकाळी उजेड वरून तिरका येतो आणि गाळ्यांच्या मधल्या भागात लगेच संपतो. कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा पुण्यात मला ठाऊक नाही. एक मावशी कोथिंबिरीच्या जुड्या पाण्यात बुडवून झटकत होत्या. विचारून घेतले, त्या "घ्या की" म्हणाल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. बटण दाबल्यापासून हा कॅमेरा ०.८ सेकंदात तयार होतो, असे कंपनी सांगते, आणि हातात घेतल्यावर ते पटते. शटर लेन्सच्या आतच असल्यामुळे आवाजही जवळजवळ होत नाही, त्यामुळे मावशींनी फोटोनंतर मान वर केली नाही. घरी मोठ्या पडद्यावर पाहिले तेव्हा उडालेले थेंब उजळ होते, मागची भिंत काळीच राहिली होती, आणि हातावरच्या हिरव्या बांगड्यांपैकी फक्त वरच्या दोन चमकत होत्या. ते पाहून मला फार आनंद झाला.

अडचण जाणवली ती २८ मिलिमीटरच्या दृष्टिक्षेत्राची. बहुतेक मोबाइलची मुख्य लेन्स २४ ते २६ च्या घरात असते, त्यामुळे चौकट मोबाइलसारखीच वाटते. शेजारची पोती आणि तिसऱ्याच कोणाचा कोपर आत येतो. २८ च्या बाजूने एक गोष्ट मात्र भक्कम आहे. 'स्नॅप फोकस' (आधीच ठरवलेल्या अंतरावर फोकस) वापरून अंतर २ मीटरवर आणि अ‍ॅपर्चर एफ ८ वर ठेवले, तर एका मीटरपासून जवळजवळ अनंतापर्यंत सारे स्पष्ट येते, फोकसची वाट पाहावी लागत नाही. २०२१ साली आलेल्या त्याच्याच भावंडाची, जीआर थ्रीएक्सची, लेन्स ४० मिलिमीटरच्या तोलाची आहे. तिथे फोकस अडीच मीटरवर ठेवला तर एफ ८ वर साधारण दीड ते सहा मीटरपर्यंतचेच स्पष्ट येते. रस्त्यावर हे कमी पडेल, पण आमच्या घरातली सर्वांत लांब खोलीही सहा मीटरांची नाही, म्हणून माझा कौल थ्रीएक्सला.

या निवडीला दुजोरा अनपेक्षित ठिकाणाहून मिळाला. बाबांकडे याशिका एमएफ-२ होता, त्या काळी अनेक घरांत असे तसाच, ३८ मिलिमीटरच्या स्थिर लेन्सचा. आमचे सगळे बालपण, मुंजी, गणपती, अंगणातली आजी, हे त्याच एका अंतरावरून पाहिलेले आहे. परवा ते अल्बम काढून मुद्दाम बघितले, तेव्हा माणसे जितकी मोठी आणि खोली जितकी दिसावी असे मला वाटते, तितकीच त्यांत होती. ४० चे आकर्षण मला कुठून आले असावे, ते तेव्हा कळले.

फुजीफिल्मच्या एक्स१०० सिक्सचा मोह खूप झाला, हे इथे लिहायलाच हवे. त्याच्या व्ह्यूफाइंडरमधून पाहणे हा वेगळाच आनंद आहे. पण त्याचे वजन ५२१ ग्रॅम, जीआर थ्रीएक्सच्या २६२ ग्रॅमच्या जवळजवळ दुप्पट, आणि लेन्स पुढे आलेली असल्यामुळे तो कुर्त्याच्या खिशात जात नाही. जो गळ्यातच अडकवावा लागतो, तो हळूहळू कपाटात राहू लागतो.

थ्रीएक्सच्या उणिवा मला मान्य आहेत. त्याला व्ह्यूफाइंडर नाही, पडदा वळत नाही, त्यामुळे एप्रिल-मेच्या उन्हात चौकट अंदाजाने धरावी लागेल. अंगचा फ्लॅश नाही. तो मी वापरत नाही. बॅटरी एका चार्जवर सुमारे २०० फोटोंची, म्हणजे दुसरी बॅटरी घेणे आलेच. पाऊस आणि धूळ यांपासून संरक्षण नाही, ही मात्र आपल्याकडे गंभीर बाब आहे. लेन्स बदलता येत नाही म्हणून कॅमेरा बंदिस्त असतो असे नव्हे. आत-बाहेर सरकणाऱ्या लेन्सबरोबर धूळ आत जाऊ शकते आणि सेन्सरवर बसली तर घरी पुसता येत नाही. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते ती वेगळीच. त्यासाठी घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या काढून ठेवल्या आहेत.

उद्या संध्याकाळी एक वापरलेला थ्रीएक्स बघायला कोथरूडला जायचे आहे. गेल्यावर आधी अ‍ॅपर्चर एफ १६ वर ठेवून स्वच्छ पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्यायचा. सेन्सरवर धूळ असेल तर त्यात काळपट ठिपके दिसतात. मग कॅमेरा काही वेळा चालू-बंद करून लेन्स अडखळते का ते ऐकायचे, टॉर्च मारून आत बुरशीचे जाळे आहे का ते पाहायचे, आणि चार्जिंगची जागा सैल नाही ना याची खात्री करायची. मूळ पावती मागायची. हे सारे ठीक निघाले तर व्यवहार उद्याच पूर्ण करीन. नाहीतर दिवाळीपर्यंत थांबायची माझी तयारी आहे.