शेततळ्याचं अनुदान: वारस नोंदीपासून खात्यात पैसे येईपर्यंत

आमची शेती माणदेशात. २०२३ च्या पावसाळ्याने दगा दिला आणि विहिरीने दिवाळीआधीच तळ दाखवला. तेव्हाच ठरवलं, ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत अर्ज करायचा.

अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो. पण माझी गाडी त्याच्या आधीच अडली. वडील जाऊन चार वर्षं झाली होती आणि सातबारा अजून त्यांच्याच नावावर. आधी वारस नोंद करायला हवी होती. तलाठ्यांकडे मृत्यूचा दाखला आणि वारसांची कागदपत्रं दिली, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघाली, मग फेरफार मंजूर. सातबाऱ्यावर आई, बहीण आणि मी अशी तिघांची नावं लागली, म्हणून त्या दोघींचं संमतीपत्रही जोडावं लागलं. यातच दोन महिने गेले. घरातलं कर्तं माणूस गेलं की हे काम पुढे ढकलू नका, एवढं कळकळीने सांगतो.

पुढचं सोपं होतं. आधारच्या ओटीपीने लॉगिन, ‘वैयक्तिक शेततळे’ हा घटक निवडायचा, २३ रुपये ६० पैसे फी भरायची. तेव्हा सोडत निघायची. नंबर लागल्याचा मेसेज आला, सातबारा आणि आठ-अ (नावावरच्या एकूण जमिनीचा खाते उतारा) अपलोड केला.

मला तळं ओढ्याच्या कडेला हवं होतं, आपसूक भरेल म्हणून. कृषी सहायक ताई जागा बघायला आल्या आणि नाही म्हणाल्या. ओढ्याच्या प्रवाहात तळं घेता येत नाही आणि पहिल्याच पुरात ते गाळाने भरून जाईल. त्यांनी वरच्या अंगाची काळी जमीन दाखवली, चुना टाकून आखणी करून दिली. पाणी आत यायची आणि जादा पाणी बाहेर काढायची वाट कुठे ठेवायची तेही समजावलं. त्यांचं ऐकलं ते बरं झालं.

आणि कृषी विभागाची पूर्वसंमती हातात येईपर्यंत फावडंही लावू नका. आमच्या शेजारच्या काकांनी घाईने आधीच खोदाई केली, त्यांना एक रुपया मिळाला नाही.

तळं तीस बाय तीस, तीन मीटर खोल. बाजू उतरत्या ठेवाव्या लागतात, त्यामुळे हिशेबाने २,१९६ घनमीटर माती निघते, म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर पाण्याची जागा. तळाला मुरूम लागला, पोकलेनचे तास वाढले आणि खर्च लाखावर गेला. अनुदानाची कमाल मर्यादा ७५,००० रुपये, आणि तेही काम झाल्यावर. म्हणजे सगळे पैसे आधी आपणच उभे करायचे. मी सोसायटीतून आणि मेव्हण्याकडून घेतले. ज्याला उसने देणारं कोणी नाही, त्या अल्पभूधारकाने काय करायचं? योजनेतली ही खरी अडचण मला तिथे समजली. निम्मी रक्कम तरी आखणीनंतर मिळायला हवी.

मोजणी झाली, जागेवरचे जिओ-टॅग (ठिकाणाची नोंद असलेले) फोटो चढले, देयक मंजूर झाल्याचंही दिसलं. पैसे मात्र येईनात. महिनाभर मी बँकेत फेऱ्या मारल्या. ‘तुमचं आधार लिंक आहे’ एवढंच उत्तर मिळायचं. शेवटी एका तरुण कर्मचाऱ्याने नीट तपासलं. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं, आणि सरकारी पैसे कोणत्या खात्यात जायचे याची एनपीसीआयकडची (बँकांमधली देवाणघेवाण सांभाळणारी संस्था) नोंद वेगळी. माझी ती नोंद पुण्यात नोकरीला असताना काढलेल्या, आता बंद पडलेल्या खात्यावर होती. एक फॉर्म भरला, नोंद बदलली, आणि पुढच्या खेपेला पैसे जमा झाले. अर्ज करायच्या आधी बँकेत नेमकं हेच विचारा: ‘माझं डीबीटी, म्हणजे थेट जमा होणारे सरकारी पैसे, कोणत्या खात्यावर आहे?’

२०२४ च्या पावसात तळं काठोकाठ भरलं. तळाच्या मुरुमातून पाणी पाझरतं, तरी ज्वारीला दोन पाणी देता आली. प्लास्टिकच्या अस्तरीकरणाचा घटक वेगळा आहे, त्याचा अर्ज आता भरलाय. तळ्याला कुंपण मात्र आम्ही अनुदानाची वाट न बघता आधीच घातलं, बहिणीची पोरं सुट्टीला येतात.