आमची वाटचाल : आधी जमीन, मग रोप

राजापूर आणि देवगड तालुक्यांच्या हद्दीजवळ आमची रोपवाटिका आहे. वडील परसात कोयकलमं (कोयीतून उगवलेल्या रोपावर बांधलेली कलमं) बांधायचे, ती घरच्या बागेपुरती. १९९० साली रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजना आली आणि आंबा-काजूच्या कलमांना अशी मागणी आली की परस पुरेना. शेजारचं भाटलं (जमिनीचा तुकडा) भाड्याने घेतलं, मांडव घातला. मी शाळेतून आलो की पिशव्या भरायचो, मजुरी मिळायची ती जेवणात.

तेव्हा गिऱ्हाईक यायचं, कलमं मोजायचं, टेम्पो भरून जायचं. मी धंद्यात उतरलो आणि विकलेली कलमं बघायला बागांमधून फिरू लागलो. एकाच मांडवातली, एकाच वयाची कलमं. वरच्या सड्यावर खुरटलेली आणि खालच्या उतारावर छाती काढून उभी. म्हणून ठरवलं की मोठी ऑर्डर असेल तर आधी जमीन बघायची, मगच कलमं द्यायची. वडील वैतागले. "गिऱ्हाइकाला परत पाठवायला दुकान मांडलंय काय?" त्यांचं अगदीच चुकत नव्हतं; पहिले काही हंगाम विक्री बसलीच.

पण कोकणात एका सातबाऱ्यावर तीन-चार तऱ्हेची जमीन निघते. वर सडा, म्हणजे जांभ्याचा उघडा कातळ. त्याखाली उताराची वरकस (हलकी जमीन), जिथे पूर्वी नाचणी-वरी व्हायची. मग व्हाळाकाठचा (ओढ्याकाठचा) मळा, आणि खाडी जवळ असली तर खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्याने खारावलेली जमीन. या सगळीकडे हापूस लावायचा हट्ट असतो. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून जास्तच. "माका हापूसच व्हयो," असं म्हणणाऱ्या काकांना खाजणाच्या कडेला उभं करून मी माती चाखायला लावली आहे. खारट लागली. तिथे पावसाने मीठ धुऊन नेलं की भात येतो, तोही पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने काढलेल्या वाणांसारखा क्षार सोसणारा. उन्हाळ्यात मीठ पुन्हा वर चढतं. आंब्याचं तिथे काम नाही.

जांभ्याच्या मातीचं दुखणं वेगळं. चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो चुनखडी, मॅग्नेशियम, पालाश सगळं धुऊन नेतो. मागे राहतं लोह आणि अॅल्युमिनियम. लाल रंग त्या लोहाचाच. माती आम्ल होते, सामू (पीएच) पाच-साडेपाचपर्यंत उतरलेला सर्रास दिसतो. सेंद्रिय कर्ब मात्र पुष्कळदा बरा निघतो, त्यामुळे अहवाल बघून लोक खूश होतात. खरी गोम स्फुरदात (फॉस्फरसमध्ये) आहे. सुपर फॉस्फेट जमिनीवर फेकलं की लोह त्याला पकडून बसतं आणि झाडाला फारसं काही मिळत नाही. आम्ही सांगतो, खोडाला चिकटून नको, फांद्यांच्या घेराखाली चर काढा आणि शेणखतात मिसळून द्या. रॉक फॉस्फेट या आम्ल मातीत हळूहळू विरघळतं, त्यामुळे नव्या खड्ड्यात तेही चालतं.

कातळावर बाग होत नाही असं नाही. देवगडात झाल्यात, आणि तिथल्या फळाच्या चवीवर बागायतदार पैज लावतील. पण मीटरभर लांब, रुंद, खोल खड्डा ब्रेकरने फोडायचा आणि तो चांगल्या मातीने भरायचा, हा खर्चाचा मामला आहे. मुंबईच्या एका गिऱ्हाइकाचे खड्डे कंत्राटदाराने चिरेखाणीच्या (जांभ्याचे चिरे काढतात त्या खाणीच्या) भुकटीने भरून दिले होते. दिसायला लालभडक, फोटोत सुरेख. मी मूठभर उचलून पाणी शिंपडलं, दाबलं, सोडलं. बोटांतून सरळ गळून गेली. पिठासारखी भुकटी आणि खडे, चिकटपणा नावाला नाही. सगळे खड्डे उपसून पुन्हा भरावे लागले. पैसे गेले ते गेलेच.

अशा जमिनीला माझा कौल काजूला. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राचे वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ हे वाण, सात बाय सात मीटरवर. उथळ जमिनीतही बऱ्यापैकी तग धरतात. कडेला कोकम. आज आमच्या विक्रीत हापूसपेक्षा काजूची कलमं जास्त जातात, हे वडिलांना अजून पटत नाही. मळ्यात पाणी असेल तर नारळ-पोफळी, आणि त्यांच्या सावलीत जायफळ, पोफळीवर मिरी. पुळणीच्या, म्हणजे समुद्रकाठच्या, वाळूतही माड येतो, फक्त पाणी आणि सेंद्रिय खत हात आखडून देऊ नये.

रायगडकडे आमची गिऱ्हाइकं थोडी, पण तिकडची भातखाचरं बघून मला हेवा वाटतो. कापणीनंतरच्या ओलीवर वाल होतात, अलिबागेत पांढरा कांदा होतो. आमच्या उतारांवर दिवाळीनंतर ओल शोधावी लागते.

आता सामू आणि क्षारता मोजायची साधनं रोपवाटिकेतच आहेत. बाकीच्या तपासण्यांसाठी नमुने प्रयोगशाळेत पाठवतो. लागवड यंदा करायची असेल तर माती पावसाआधी आणा. बांध, शेणाची खळी, झाडाचं आळं सोडून सात-आठ ठिकाणची घ्या, सावलीत वाळवा, मिसळून अर्धा किलो ठेवा. सडा, उतार आणि मळा यांच्या पुड्या वेगळ्या. आणि कृपा करून युरियाच्या गोणीतून आणू नका. दरवर्षी कुणीतरी आणतंच, आणि मग युरियातलंच नत्र भरपूर निघालं म्हणून पेढे वाटायचा तेवढा राहतो.