इनेला परत जायचंय, या वेळी दोन रात्री

मागच्या वेळी इनेला मला फक्त ५० मिनिटं मिळाली होती. क्योटोहून एका दिवसाची बस टूर घेतलेली, आधी आमानोहाशिदाते ही वाळूची लांब पट्टी, मग जेवण, मग इने आणि संध्याकाळी परत क्योटो. बसमधून उतरलो, बोटीत बसलो, बोट खाडीत एक चक्कर मारून आली, फोटो काढले की झालं, गाईड झेंडा वर करून उभी. पण परत येताना एका घराच्या खालच्या मजल्यावर एक आजी पाण्यात उतरणाऱ्या पायरीवर बसून मासे धूत होत्या, डोक्यावर घारी फिरत होत्या, आणि मला तिथून अजिबात हलावंसं वाटत नव्हतं. बसमध्ये बसल्यावर नवऱ्याला म्हटलं, आपण इथे राहायला यायचं. तर आता येत्या मे महिन्यात जातोय, आणि गेले दोन महिने रोज रात्री जेवणं झाली की मी टाइमटेबल उघडून बसते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इने हे क्योटो प्रीफेक्चरमध्येच (म्हणजे प्रांतातच) आहे पण क्योटो शहरापासून पार उत्तरेला, जपानच्या समुद्राच्या काठावर, तांगो द्वीपकल्पात. क्योटो म्हटलं की देवळं आणि गर्दी डोळ्यासमोर येते, त्याच क्योटोला असा कोळ्यांचा किनारा आहे हे मला पहिल्या ट्रिपपर्यंत माहीतच नव्हतं. खाडीच्या कडेने सुमारे २३० फुनाया आहेत. फुनाया म्हणजे होडीचं घर, खाली होडी आत घ्यायची जागा आणि वर माळा, जिथे पूर्वी जाळी आणि बाकी सामान ठेवायचे. आता बऱ्याच घरांत वरच्या मजल्यावर लोक राहतात, काहींनी तिथे पाहुण्यांसाठी खोल्या केल्यात.

मला सगळ्यात जास्त प्रश्न हा पडला होता की समुद्राला इतकं खेटून घर बांधलं तर ते टिकतं कसं? तर इथला बाकी किनारा उत्तरेकडे तोंड करून आहे, हिवाळ्यात तिकडून जबरदस्त वारा आणि लाटा येतात, पण इनेची खाडी दक्षिणेकडे उघडते. तीन बाजूंनी डोंगर, आणि खाडीच्या तोंडावर बरोब्बर आओशिमा नावाचं छोटं बेट, जे लाटा अडवतं. शिवाय जपानच्या समुद्रात भरती-ओहोटीचा फरकच फार कमी असतो, त्यामुळे पाणी उंबऱ्याशी येऊन थांबतं, घरात शिरत नाही. हे वाचलं आणि मला ती आजींची पायरी आठवली, ती तिथे तशी का असू शकते ते तेव्हा कळलं. २००५ मध्ये जपान सरकारने हा सगळा भाग पारंपरिक इमारतींचा संरक्षित परिसर म्हणून जाहीर केला.

आता प्लॅनिंगबद्दल. माझा पहिला प्लॅन पाच दिवसांत नऊ ठिकाणांचा होता, अगदी तोत्तोरीच्या वाळूच्या टेकड्यांपर्यंत. कागदावर छान दिसत होता, पण मी प्रत्येक टप्प्याला खरी गाडी कुठली ते लिहायला लागले आणि सगळं कोसळलं. तोक्यो-ओसाकाच्या सवयीने आपण धरून चालतो की जपानमध्ये दर दहा मिनिटांनी काहीतरी येतंच. या किनाऱ्यावर तसं नाही. आमानोहाशिदातेहून इनेला जाणारी बस साधारण तासाभराचा प्रवास करते आणि दोन बसमध्ये बरंच अंतर असतं, किनोसाकी या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावापुढे सानइन लाइनवर एक-दोन डब्यांची डिझेल गाडी येते आणि ती चुकली की पुढचा तास-दीड तास स्टेशनवर. म्हणून मी उलटं करायला लागले, आधी शेवटची बस आणि शेवटची गाडी बघायची, मग मागे मागे येत दिवस भरायचा. तोत्तोरी गेलं, अजून तीन ठिकाणं गेली. सुरुवातीला वाईट वाटलं पण आता उरलेल्या पाच जागांना खरंच वेळ मिळतोय.

गाडी भाड्याने घेऊ का, हाही विचार केला. जपानमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालवतात आणि भारतात मिळणारं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट तिथे चालतं. क्योगामिसाकीचा दीपस्तंभ, १८९८ चा, अजूनही उभा आहे, तिथे किंवा सोदेशीच्या समुद्राला लागून असलेल्या भाताच्या पायऱ्यांकडे जायचं असेल तर गाडीच बरी. पण आम्हाला दोघांनाही खिडकीतून बघत बसायचंय, त्यामुळे नाही.

पासचं गणित सांगते, कारण यात लोक हमखास गोंधळतात. अख्ख्या जपानचा सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० वरून ५०,००० येन झाला, एवढ्याशा भागासाठी तो घेण्यात अर्थ नाही. त्याऐवजी कान्साइ वाइड एरिया पास, पाच दिवसांचा, मी बघितला तेव्हा १२,००० येन. क्योटोहून आमानोहाशिदातेला जाणारी हाशिदाते एक्सप्रेस (दोन तास), तांगोची लोकल रेल्वे, किनोसाकीहून परत येणारी एक्सप्रेस आणि कान्साइ विमानतळाची हारुका एक्सप्रेस हे सगळं त्यात येतं. फक्त ते पाच दिवस सलग मोजतात, मध्ये सुट्टी नाही. त्यामुळे माझा सगळा प्लॅन त्या पाच दिवसांत बसवलाय. मोठी बॅग क्योटोच्या हॉटेलात ठेवायची, पाठीवर एकेक सॅक, शेवटच्या दिवशी बॅग उचलायची आणि त्याच पासवर विमानतळ.

पहिल्या दिवशी थेट इने. आमानोहाशिदातेला उतरून लगेच बस. दोन रात्री तिथे. मधला अख्खा दिवस काहीच ठरवलेलं नाही, मुद्दाम. मुकाइ शुझो नावाची १७५४ पासूनची साके (तांदळाची दारू) बनवणारी भट्टी गावातच आहे, तिथे जुन्या जातीच्या लाल भातापासून गुलाबीसर साके करतात, तेवढं नक्की. एक गोष्ट मात्र मनाशी पक्की केलीय, फुनाया ही लोकांची घरं आहेत, दार उघडं दिसलं म्हणून आत डोकावायचं नाही. सगळ्या इने नगराची लोकसंख्या दोन हजारांच्या आसपास, आणि रोज बसेस भरून आमच्यासारखे येतात. मागच्या वेळी टूरमधल्या काही जणांनी सरळ एका घरात शिरून फोटो काढले होते, ते अजून डोक्यातून जात नाही.

तिसऱ्या दिवशी आमानोहाशिदाते, आणि इथे एक युक्ती सापडलीय. ही ३.६ किलोमीटर लांबीची वाळूची पट्टी खाडीच्या दोन काठांना जोडते, वर हजारो पाइन वृक्ष, मात्सुशिमा आणि मियाजिमाबरोबर जपानच्या तीन सर्वात सुंदर दृश्यांत गणली जाते. बहुतेक लोक स्टेशनकडून चालत जातात आणि मग परत यायचा प्रश्न. पण इनेहून येणारी बस पट्टीच्या उत्तर टोकालाच थांबते! तिथे उतरायचं, केबल कारने कासामात्सु पार्कवर जायचं, पाय फाकवून वाकून दोन पायांमधून उलटं बघायचं, म्हणजे ती पट्टी आकाशात जाणारा पूल वाटते, नावाचा अर्थही तोच, आणि मग खाली येऊन पट्टीवरून निवांत चालत दक्षिणेला. मध्ये इसोशिमिझु नावाची विहीर आहे, दोन्हीकडे खारं पाणी असून हिचं पाणी गोडं. शेवटी चिओनजी देऊळ, तिथे पंख्याच्या आकाराच्या भविष्याच्या चिठ्ठ्या झाडांना लटकवतात, आणि पाच मिनिटांवर स्टेशन. संध्याकाळपर्यंत किनोसाकी.

कोतोहिकीहामा ही वाळू वाजणारी चौपाटी मात्र अजून लटकलेली आहे. पायाखाली वाळू कुईं कुईं वाजते म्हणे, स्वच्छ क्वार्ट्झचे कण एकमेकांवर घासून, आणि जराशी घाण मिसळली तरी आवाज बंद होतो, म्हणून तिथे सिगारेट ओढायलाही बंदी आहे. आमिनो स्टेशनला उतरावं लागतं. त्या दिवशी आमानोहाशिदाते लवकर आटपलं तरच.

किनोसाकीबद्दल फार लिहीत नाही, गरम पाण्याचे सात सार्वजनिक स्नानगृह आहेत, मुक्कामी पाहुण्यांना सातहींचा पास मिळतो, युकाता (सुती किमोनो) घालून लाकडी चपला वाजवत गावभर फिरायचं. मला तिथून जायचंय ते आमारुबेला.

आमारुबे हे एका चिमुकल्या गावावरून जाणाऱ्या रेल्वे पुलाचं ठिकाण. १९१२ मध्ये ४१ मीटर उंच लोखंडी पूल बांधला, पण गावाला स्टेशन नव्हतं. लोक पुलावरून आणि बोगद्यातून चालत शेजारच्या योरोइ स्टेशनला जायचे, शाळेची मुलंसुद्धा. शेवटी १९५९ मध्ये स्टेशन झालं, आणि त्या फलाटासाठी गावकऱ्यांनी, मुलांनी समुद्रकाठचे दगड डोंगरावर वाहून नेले. मग २८ डिसेंबर १९८६ ला वाऱ्याच्या झोताने रिकामी चाललेली गाडी पुलावरून खाली पडली, खाली खेकड्यांवर प्रक्रिया करणारा कारखाना होता, सहा माणसं गेली. २०१० मध्ये नवा काँक्रीटचा पूल आला, पण जुन्याचे काही खांब राखून त्यावर समुद्र बघायला जागा केलीय. मला त्या फलाटावर थोडा वेळ नुसतं उभं राहायचंय. येताना गेन्बुदो, षटकोनी खांबांसारख्या बेसॉल्टची गुहा. १९२६ मध्ये मातुयामा मोतोनोरी या शास्त्रज्ञांनी इथल्या दगडाचं चुंबकत्व मोजलं तर ते आजच्या उलट दिशेचं निघालं, पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव एके काळी उलटे होते या शोधाची ती एक सुरुवात.

मे का, तर गोल्डन वीक (२९ एप्रिल ते ५ मे, जपानमधल्या सुट्ट्यांचा आठवडा) संपल्यावर गर्दी ओसरते आणि पावसाळा जूनमध्ये लागतो. खेकडे खायचे असतील तर ६ नोव्हेंबर ते २० मार्च हा मात्सुबा खेकड्यांचा हंगाम, पण तेव्हा बर्फ, वारा आणि महाग खोल्या. या भागात म्हणतात की जेवणाचा डबा विसरलात तरी छत्री विसरू नका, तेव्हा मे असला तरी छत्री सॅकमध्ये आहेच.

माझी खरी काळजी जेवण. नवरा मासे खातो, मी नाही, आणि जपानमध्ये मासा दिसत नसला तरी दाशीत असतो, म्हणजे सूपपासून भाजीपर्यंत सगळ्याच्या मुळाशी सुकवलेल्या कात्सुओ माशाचं पाणी. आयत्या वेळी सांगून काही होत नाही, कारण राहायच्या जागी रात्रीचं जेवण आधीच ठरलेलं असतं, आणि इनेत संध्याकाळनंतर बाहेर फारसं काही उघडं नसतं. म्हणून बुकिंग करतानाच जपानीत लिहून पाठवलं, निकु तो साकाना वा ताबेमासेन, मांस-मासे खात नाही, आणि खाली वेगळी ओळ, माशाची दाशीही नको, कोंबुची म्हणजे समुद्री शेवाळाची चालेल. किनोसाकीच्या एका जागेने नम्रपणे नाही कळवलं, दुसरीने हो म्हटलं.

इनेच्या घरमालकीणबाईंचं उत्तर काल रात्री आलं. कोंबुची दाशी करतील, डोंगरातल्या रानभाज्या मे महिन्यात मिळतात त्या करतील, आणि रोख पैसे आणा, कार्ड चालत नाही. खाली अजून एक ओळ होती, पहाटे होड्या निघतात तेव्हा आवाज होतो, त्याबद्दल आधीच माफी मागते. मी लगेच लिहिलं की किती वाजता निघतात ते सांगा, मला उठायचंय.